कूलरला हात लावू नको

चि. शर्वरी,
मी लासूरला लग्नाला चाललोय, संध्याकाळी येतो. तुमच्या कॅनडात असला कूलर नसतो, म्हणून तो साफ कसा करायचा हे मीच तुला शिकवणार होतो. वर्षभर वाट पाहिली. काल दुपारी जरा डोळा लागला, तेवढ्यात तू शेजारच्या तौफिककाकांकडून टाकी धुवायला शिकलीस. वर मलाच सांगतेस, "आजोबा, काका लई भारी शिकवतात!"

व्हय का? टाकीत पाणी नसताना पंप लावला तर तो जळतो, हे सांगितलं का त्यांनी?

आज पंख्याखाली बस. गवताच्या ताट्या आपण दोघंच बदलू. तौफिककाका आले तर त्यांना चहा दे. कूलर उघडला तरी काही उपयोग नाही, पंप माझ्या पिशवीत आहे.

तुझे आजोबा