इरावतीचे कान आणि शाळेची हवा

बेस्ट (नेदरलँड्स), शनिवार, २१ नोव्हेंबर २०२०

तीर्थरूप दादांस, धाकट्याचा दंडवत. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि दोघांचे मास्क जागच्या जागी असतील अशी आशा करतो.

इथल्या शाळेत करोनामुळे वर्गाच्या खिडक्या दिवसभर सताड उघड्या ठेवतात. हवा फुकट, असे सगळे म्हणतात. आमच्या घरचा हिशेब असा: दोन स्वेटर, एक कानटोपी, कापसाचा अख्खा गठ्ठा, सुनेत्राच्या दोन रजा आणि पाच वर्षांच्या नातीचे दोन्ही कान. (कानांचे पुढे सांगतो, धीर धरा.)

लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलो, आता दहावा चालू आहे. परतीचे विमान तीनदा रद्द झाले. जावई रणजित माळ्यावर मीटिंगमध्ये, सुनेत्रा जेवणाच्या टेबलावर मीटिंगमध्ये, म्हणून इरावतीला शाळेत पोचवायचे खाते माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी फाटकाशी उभा होतो, तर छतावरून घूंऽऽ असा आवाज. माझे कान तुम्हाला ठाऊकच आहेत. सांगलीत गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मी कोणाच्या पंख्याचे बेअरिंग जाणार ते सांगायचो, आणि त्याच कानांवर या सातवी नापास माणसाने पंख्यांचा कारखाना उभा केला. रणजितकडून मुख्याध्यापिकांना डचमध्ये लिहून घेतले की तुमच्या छतावरच्या पंख्याचे बेअरिंग गेले आहे, मी फुकट दुरुस्त करतो, मग खिडक्या लावा. उत्तर नाही.

तेव्हा मी माझ्या परीने बंदोबस्त केला. रोज फाटकाशी इरावतीच्या कानांत तेलात भिजवलेले कापसाचे बोळे, त्यावर केस, त्यावर कानटोपी. घरी आल्यावरही लगेच काढायचे नाहीत, हवा भरते. (आईने आपल्याला मिसरूड फुटेपर्यंत घातले, काय बिघडले?) सुनेत्राला असले उपाय चालत नाहीत, म्हणून तिला बोललो नाही.

महिन्याभराने शाळेत आरोग्य तपासणी झाली. घरच्यांना आत मज्जाव. नर्सने वजन घेतले, उंची घेतली, मग केसांवरूनच कानांना यंत्र लावून म्हणाली, आवाज आला की बोट वर कर. इरावतीने बोट एकदाच वर केले, नर्स शिंकली तेव्हा.

घरी चिठ्ठी आली. मी काय समजलो? वाऱ्याने कान गेले! बोळे दुप्पट केले, सुटीच्या दिवशीही. दुसऱ्या तपासणीत बोट वर गेलेच नाही. आता आइंडहोवनच्या इस्पितळात पाठवले आहे, आणि बाई म्हणतात पोरीला याच वर्गात आणखी एक वर्ष ठेवू.

परवा जिन्यात होतो, वरून सुनेत्राचा आवाज आला. "ती हट्टी नव्हती रे, तिला ऐकूच येत नव्हतं. आणि मी किती ओरडले तिच्यावर." दादा, मी पायरीवर बसूनच राहिलो.

आज सकाळी कापूस संपला, इरावतीचे कान मोकळेच राहिले. मी स्वयंपाकघरात चिक्कीचा कागद सोडवला, इतका हळू की माझा मलाच ऐकू आला नाही, आणि इरावती माळ्यावरून डचमध्ये वाटा मागत धाडधाड खाली आली. तिच्या हातात चिक्की दिली आणि सगळा प्रकार माझ्या डोक्यात उतरला.

सुनेत्राला आजच सांगणार आहे. आयुष्यात कोणाला भ्यालो नाही, लेकीला काय भ्यायचे? पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून या पत्राचा फोटोच पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
नीळकंठ

ता. क. सांगायला दोनदा गेलो, दोनदा चहा घेऊन परत आलो. इस्पितळाची वेळ मंगळवारची आहे. त्याआधी तुम्ही सुनेत्राला फोन करा आणि बोळ्यांचा सल्ला तुमचा होता म्हणा. थोरल्या काकांवर ती ओरडायची नाही. एवढे कराच.

ता. क. दुसरा. आज घूंऽऽ आवाज घरातही येतो आहे. मुख्याध्यापिकांचे उत्तर रणजितने आत्ताच वाचून दाखवले. शाळेच्या छतावर पंखा नाही. कधीच नव्हता.