घरातल्या घरात निवडणूक

चि. रंगनाथ यास दादाचे आशीर्वाद.

दीपककडे अमेरिकेत मी बरा आहे. बर्फ फार, पण अंगात बंडी असते. कापूस वेचून झाला, आता फरदडीसाठी ठेवलेल्या पऱ्हाट्या उपटल्यास का? उभ्या ठेवल्या तर बोंडअळी वाढेल.

परवा इथं मतदान झालं. मला वाटलं, नवा राष्ट्राध्यक्ष आला. दीपक हसला, "बाबा, हे एकाच पक्षातलं हाये. आधी आपसात लढून आपला माणूस ठरवतात, मंग दुसऱ्या पक्षाशी लढतात."

हरलेला टीव्हीवर आला. डोळे ओले होते, तरी म्हणाला, आता जिंकलेल्यासाठी दारोदार फिरीन.

आपण दोघंही सरपंचकीला उभं राहायचं म्हणतोय. आधी घरातच मत घेऊ, बायांचंही. हरलो तर तुझ्यासाठी मी फिरीन. मी जिंकलो तर रागानं सामाईक विहिरीवरची मोटर तेवढी बंद करू नको.

तुझाच,
दादा