कानफूल

३ मार्च
काचघरासकट हे घर मला फुकटात पडलं, असं मेहुणा म्हणतो. त्याला काय जातंय बोलायला! खरं काय पडलं ते मांडतो: चालतं वर्कशॉप पुतण्याच्या हवाली, बायकोचा आठवडाभराचा अबोला, आणि कुंड्या हलवताना धरलेली कंबर. तरी सौदा वाईट नाही.

काचघर झकास आहे. फळ्यांवर जाड, रसाळ पानांची झाडं. काही गोट्यांसारखी, काही बोटांसारखी. घर विकणाऱ्या बाईंनी एकेक समजावून दिलं. माती कमी, खडी जास्त; पाणी बेतानं, नाहीतर मुळं कुजतात. कुंडीला टिचकी मारायची. टण्ण वाजली तर तहानलेली, बद्द वाजली तर पुढे चला. हे तर माझंच काम! उभा जन्म मोटारींचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगत आलो, त्यावरच वर आलो.

मधल्या मोठ्या झाडाला त्या कानफूल म्हणतात. पानं कानाच्या पाळीसारखी लोंबती, चार कळ्या. फूल कानातल्या त्या नावाच्या दागिन्यासारखं दिसत असणार. बाईंच्या यजमानांनी ते एकदा फुलवलं होतं. ते गेलेही तिथेच, छताची काच अंगावर पडून. बाई म्हणाल्या, मी ओरडत होते हो, पण शेवटी शेवटी हे माझं काही ऐकेनात. मी म्हटलं, कुठला नवरा ऐकतो! आमची ही खुदकन हसली. बाई हसल्या नाहीत.

झाडावरची काच अजून सैलच आहे. ही म्हणते, आधी काचवाल्याला बोलवा. बोलवू की. काच निसटायच्या आधी कुरकुरते, आणि माझ्या कानांतून काही सुटत नाही.

९ मार्च
पहिली कळी उमलली. दागिना कसला, हुबेहूब कान! फिकट, मऊ, आत वळणं. हिनं नाक मुरडलं. म्हणे, आता तुमच्याबद्दल माहेरी काही सांगायची सोय नाही, झाडसुद्धा ऐकतंय.

स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलंय असं वाटलं. काटे मात्र फिरतायत.

१२ मार्च
दुसरं फूल. कुंड्यांना टिचक्या मारल्या. टण्ण नाही, बद्द नाही. सगळ्या गप्प. बोट मात्र दुखलं.

किटली शिट्टी मारून मारून जळाली म्हणे. मी शेजारीच बसलो होतो. हिनं चांगलंच झाडलं. तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.

संध्याकाळी पहिल्या फुलाशी वाकलो. आत टिकटिक. आमच्याच घड्याळाची.

१४ मार्च
डॉक्टर म्हणतात, कानांत दोष नाही. वयावर ढकललं.

दुसऱ्या फुलात किटलीची शिट्टी आहे. टिचक्या आहेत. तिसरं उघडलं आणि रस्ता गेला, पाखरं गेली, माझा स्वतःचा खोकला गेला. आता फक्त हिचा आवाज येतो. बाकी सगळा कापूस.

रागानं पहिलं फूल खुडलं. घड्याळ परत आलं नाही. फुलातली टिकटिकही गेली. कायमची.

१५ मार्च
हिनं त्या बाईंना फोन लावला. मग मला सांगितलं. ऐकेनात म्हणजे हट्टानं नव्हे हो, बाई म्हणाल्या – त्यांना ऐकूच येत नव्हतं.

चौथी कळी फुगतेय. हिचा आवाज तेवढा उरलाय –

१७ मार्च
कळी आजच कापायची. उमलायच्या आत. ही म्हणाली, उद्यावर टाकू नका. काचवाल्यालाही बोलावते म्हणाली. स्पष्ट ऐकलं. कात्री घेतली. निघालो –

उशीर झाला. उघडलंय.

फुलाशीच बसलोय, वही मांडीवर. आत ही आहे. अहो! – अगदी तिचंच, शेवटी लांबवलेलं. कात्री लावू कशी – कापलं तर हेही –

पुन्हा अहो. पुन्हा –

मान वर केली. ही काचेपलीकडे उभी. दोन्ही हातांनी काच बडवतेय. तोंड उघडं. बोट वर, छताकडे – काय म्हणतेय – फुलात नुसतं अहो, पुढचं काही –

वरची काच कुरकुरतेय का, मला ऐकू ये