हलक्या धानाची पेंढी

दिघोरी,
दि. ७ ऑक्टोबर २०२५

चि. टीनास,
प्रभूच्या नावाने अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर तू ऐकण्याआधीच हसली असतीस, म्हणून हे पत्र. यंदा माझ्या हातून मोठा घोळ झाला आहे.

जुलैत शेजारच्या चंद्रभागाबाईचे पऱ्हे पाण्यात सडले. रोवणीला तिच्याकडे रोपाची एक काडी उरली नव्हती. आपल्याकडचे थोडे द्यावेत म्हणून मी शाळेआधी बांधावर गेले. डावीकडे उशिरा येणाऱ्या भारी धानाचे पऱ्हे होते, उजवीकडे लवकर येणाऱ्या हलक्या धानाचे. द्यायचे होते डावीकडचे. पण पहिलीच्या पोरांसमोर उभं राहून, त्यांचा उजवा उठावा म्हणून आपला डावा हात वर करायचा आणि तोंडाने उजवा म्हणायचं, ही माझी तीस वर्षांची सवय. तशीच म्हणाले, उजवीकडचे घ्या. मजूर बाया पोरांसारख्या समोर नव्हत्या, माझ्याच शेजारी शेताकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी हलका धान सगळा उचलून नेला.

आता चंद्रभागाबाईच्या बांधीत लोंब्या पिवळ्या पडल्यात आणि आमचा धान हिरवागार. चर्चचा हंगामाचा सण दोन नोव्हेंबरला. लग्नानंतरच्या एकतीस हंगामांत मी वेदीपुढे कधी रिकाम्या हाताने गेले नाही. आपल्या धानाची पेंढी तिथे पोचल्याशिवाय सासूबाई नवा भात तोंडात घालत नाहीत. विकतची किंवा उसनी पेंढी त्यांना चालत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू? हे तर नुसते हसतात.

मुलांना आशीर्वाद. पत्राची वाट पाहते.

तुझी,
रीताताई


गोंदिया,
दि. १३ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. सलाम, वि. वि.

पत्र वाचून हसलेच, माफ कर. मला उजवं-डावं तूच शिकवलंस. स्कूटी वळवताना मी अजून का गडबडते, ते आज कळलं!

पण ताई, तू एवढी कष्टी का होतेस? रविवारची प्रार्थना चुकू नये म्हणून तू भर पावसात साकोलीची बस धरतेस, घरी येऊन भारे बांधतेस आणि सोमवारी पुन्हा फळ्यापुढे हजर असतेस. अशा बाईवर देव एका पेंढीपायी रुसेल का? सासूबाईंना सरळ सांगून टाक. त्या रागावतील, पण तू लपवलंस तर त्यांना जास्त लागेल. माझं मन सांगतं, म्हातारी तुझ्याहून पक्की आहे.

भाऊजींना सलाम. लहान बहिणीवर अशीच माया ठेव.

तुझीच,
टीना


दिघोरी,
दि. ३ नोव्हेंबर २०२५

चि. टीनास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं ऐकलं आणि सासूबाईंना सांगितलं. आधी खूप बोलल्या. एवढी शिकली-सवरली बाई, पोरायले काय शिकवून राहिली म्हणे! मग चंद्रभागाबाईला बोलावणं धाडलं. ती बिचारी लवकर पिकलेल्या धानाचं श्रेय आपल्या देवीला देऊन ओटीसुद्धा भरून आली होती. घोळ कळल्यावर म्हणाली, देवीनंच बाईच्या तोंडून उजवीकडचे म्हणवलं असन. सासूबाईंनी निवाडा केला, बी आपलं, घाम तिचा, तवा पेंढी दोघींनी धरून न्यायची.

काल पहाटे आम्ही दोघी बसने निघालो. पेंढी चंद्रभागाबाईच्या मांडीवर होती. कंडक्टरला हात लावू दिला नाही. चर्चच्या दारात तिने चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि वर पाहत मला विचारलं, बाई, घंटी कुठी हाय, मले तं दिसून नाही राहिली. मी कसंबसं हसू आवरलं.

पेंढी धरून आम्ही पुढे चालत गेलो. ती वेदीपुढे ठेवली. पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली आणि रीताबाईंच्या शेतातल्या या पहिल्या फळासाठी प्रभूचे उपकार मानले. तेवढ्यात चंद्रभागाबाई मोठ्याने म्हणाली की, अन् माह्या बी बांधीचं हाय जी! सगळं चर्च हसलं. पाळकही हसले, आणि तिच्या बांधीसाठीही त्यांनी उपकार मानले. आमेन माझ्याआधी तिनेच म्हटलं. मी तिथेच रडले, टीना. इतकी हलकी मी किती दिवसांत झाले नव्हते.

नवा भात आमच्या घरी अजून कुठला! संध्याकाळी सासूबाई काठी टेकत चंद्रभागाबाईच्या घरी गेल्या. तिने तिच्या देवीपुढे नैवेद्य ठेवला, सासूबाईंनी हात जोडून आपली प्रार्थना म्हटली आणि दोघी एका पंगतीला बसल्या. सासूबाईंनी दोनदा भात मागून घेतला. उठताना तिला म्हणाल्या, पुढच्या साली बी पऱ्हे आमच्याकडूनच ने.

नाताळला मुलांना घेऊन ये. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
रीताताई