आईच्या स्लॅबवरचं ऊन

तलवाडा, ता. गेवराई
मार्चमधला सोमवार, भर दुपार

आदरणीय दाजी,

संजयचा मानाचा जय भीम. अक्कालाही जय भीम सांगा आणि जरा मोठ्यानं सांगा, नाहीतर भावानं आपल्याला विचारलंच नाही म्हणून ती भीमजयंतीपर्यंत धरून बसेल. तुमचं बीपी कसं आहे? अक्काचं नव्या सुनेशी कसं जमतंय? (दोन्हींचं उत्तर एकच असेल तर एकदाच कळवलं तरी चालेल.) इकडे आम्ही ठीक. आमच्या पंचशीलेचा स्वभाव लग्नात होता तसाच आहे, म्हणजे तीही ठीक. आईचे गुडघे जिना चढताना बोलतात, पण ती त्यांचं ऐकत नाही. घरात ती माझंही ऐकत नाही, त्यामुळे गुडघ्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन ठणठणीत आहे. पण आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे आईसमोर बोलायचं, आणि तिचे कान काही गुडघ्यांइतके थकलेले नाहीत. लिहिलेलं मात्र तिला सध्या दिसत नाही. चष्म्याची काडी मोडलीय आणि चष्मा गेवराईला दुरुस्तीला दिलाय. अशी संधी पुन्हा येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्हीही सावकाश वाचा.

विषय सौरऊर्जेचा आहे आणि त्याची सुरुवात तुम्ही केलीत, हे आधीच सांगून ठेवतो. मागच्या खेपेला आलात तेव्हा नातवाचा फोटो दाखवावा तसं तुम्ही सौर बसवल्यावर आलेलं तुमचं लाईटबिल मोबाइलवर सगळ्यांना दाखवत होतात. मी जन्मभर एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. माइकवरून गाड्यांची घोषणा करण्यात हयात गेली, आणि रिटायर झाल्यापासून घोषणा करण्यासारखं हाताशी काही नव्हतं. तुमची गाडी गेली न गेली तोच मी पारावरच्या हॉटेलात जाहीर केलं की आमच्या स्लॅबवर सौरच्या प्लेटा बसणार. लोकांनी माना डोलावल्या, एकानं चहा पाजला. घरी आल्यावर लक्षात आलं की आईला विचारायचं राहिलं. (गाडी डेपोतून निघालीय की नाही हे न बघता घोषणा करायची सवय एसटीत लागली, ती काही सुटत नाही.)

आता आपला स्लॅब हे काय प्रकरण आहे ते तुम्हाला जावई म्हणून माहीत आहे, पण जावयाला सगळं दिसत नसतं. (जावयाला कुरडई तळल्यावर दिसते.) आपलं घर वस्तीच्या टोकाला, पलीकडून पाटील गल्ली सुरू होते. तिकडे कुठे पत्रे, कुठे चिंचेची सावली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत ऊन खेळेल असा स्लॅब बाबांनी बांधलेला आपलाच, आणि त्याचा जिना बाहेरून. जिना बाहेरून असल्यामुळेच पाटील गल्लीतल्या बाया वाळवण घालायला यायला लागल्या, कारण आपल्या घरात पाऊल टाकावं लागत नव्हतं. पहिल्या वर्षी तर त्या प्यायचं पाणीसुद्धा घरून बाटलीत आणायच्या. आम्हाला घरचंच पाणी गोड लागतं, असं कारण त्या सांगायच्या. (त्या उन्हाळ्यात सगळ्या गावाला एकाच टँकरचं पाणी होतं.) आईनं फक्त कुणी कुठे बसायचं ते ठरवायला सुरुवात केली. कुणाचा चीक आधी, कुणाचं लुगडं कुठे अंथरायचं, कावळे कुणी हाकायचे, सगळा तिचा कायदा. पाण्याच्या बाटल्या कधी बंद झाल्या ते कळलंही नाही. आता त्याच बाया वरून ओरडतात, मावशी, चहात आलं घाला. माघ सरला की एकेक जण येऊन औंदा आपल्याला जागा आहे का विचारते, आणि आई, सगळा स्लॅब मोकळा असतानाही, "बघते" म्हणते. दाजी, हे "बघते" म्हणता यावं म्हणून तिचं आयुष्य गेलंय. ज्याला हे कळत नाही त्यानं सौरऊर्जेच्या भानगडीत पडू नये. मी पडलो.

बंकट नावाचा एक गृहस्थ गेवराईहून मोजमापाला आला. हा आधी पाण्याचे फिल्टर विकायचा, मग पेंड विकायचा, आता ऊन विकतो. माणूस गोड आहे, फक्त त्याची वेळ चुकली. वर शेवयांचा दिवस होता आणि हा बूट घालून चढला. बायांनी एकदम असा गलका केला की तो बूट काढायला खाली न जाता तिथेच काढून उभा राहिला, आणि तापलेल्या स्लॅबवर वरातीत नाचावं तसा नाचायला लागला. आईला त्याची दया आली. तिनं त्याला पोत्यावर बसवलं आणि शेवयाच्या मशीनचा दांडा त्याच्या हातात दिला. पुढचं सगळं सर्वेक्षण त्यानं एका हातानं दांडा फिरवत केलं. त्याचं म्हणणं पडलं की प्लेटांचं तोंड दक्षिणेला हवं, मधली सगळी जागा हवी आणि त्यांवर कुणाची सावली पडता कामा नये. आईनं शांतपणे विचारलं, "हितलं ऊन तर आमी रोज वापरतो. ह्यातलं शिल्लक कोनतं, जे तू इकनार हायस?" बंकटनं हातातला टॅब बाजूला ठेवला आणि तो दोन्ही हातांनी शेवया गाळायला लागला. (शेवया मात्र बारीक झाल्या. आईनं त्याला थोड्या बांधूनही दिल्या.)

मग मी प्रत्यक्ष चालू यंत्र बघायला उमापूरला गेलो. तिथे अंगद म्हणून माझा जुना कंडक्टर मित्र आहे, त्यानं वर्षापूर्वी प्लेटा बसवल्यात. त्याची वीज अचानक कमी व्हायला लागली म्हणून त्यानं तक्रार केली होती, आणि मी पोचलो त्याच दिवशी इंजिनिअरही आला. आम्ही तिघं वर चढलो. बघतो तर सगळ्या प्लेटांवर सांडगे. अंगदच्या आईला ती जागा फारच पसंत पडली होती: गुळगुळीत, गरम, उतरती आणि शेळ्यांच्या तोंडाबाहेर. सांडगे चिकटू नयेत म्हणून म्हातारीनं आधी काचेला तेलाचा हातही फिरवला होता. इंजिनिअरनं दोन सांडगे तोंडात टाकले, छान आहेत म्हणाला आणि तक्रारीपुढे "धूळ" असं लिहून निघून गेला.

मला मात्र तिथे साक्षात्कार झाला. घरी येऊन मी आईला सांगितलं, बायांना कुठे जायची गरजच नाही, प्लेटांवरच वाळवण घाला! बिघडलेल्या चिकाकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "म्हंजी तू ऊन धरायला काच लावनार, आन आमी ती झाकनार. मग तुझी लाईट कशावर पेटनार, तुझ्या टकलावर?" पंचशीला हसता हसता खाली बसली. (ती माझ्या बाजूची आहे की आईच्या, हे इतक्या वर्षांत मला नक्की कळलेलं नाही.)

आणि दाजी, एक गोष्ट तुम्ही मला सांगितली नाहीत. इकडे दुपार झाली की लाईट जाते, कूलर बंद पडतो आणि माणूस पुठ्ठ्यानं वारा घेत बसतो. त्या जाचातून सुटावं म्हणून तर मी सूर्याच्या पाया पडायला निघालो होतो. बंकटनं सगळं समजावून झाल्यावर, निघता निघता, चहाचा शेवटचा घोट घेताना सांगितलं की खांबावरची लाईट गेली की हे यंत्रही बंद पडतं. वायरमनला झटका बसू नये म्हणून तशी सोय आहे. बॅटरी हवी असेल तर ते वेगळं प्रकरण. म्हणजे वर सूर्य तळपतोय, त्याच्याखाली माझ्या प्लेटा तळपताहेत आणि त्यांच्याखाली मी पुठ्ठा हलवतोय! एरवी दिवसा आपली वीज कंपनीला द्यायची आणि अंधार पडल्यावर तिच्याकडून घ्यायची. पंचशीला म्हणाली, शेजारणीला दुपारी वाटीभर साखर देऊन संध्याकाळी तीच मागून आणण्यासारखं झालं हे. तेव्हाच मी माघार घ्यायला हवी होती. पण रद्द झालेल्या गाडीची घोषणा करणं कंट्रोलरला किती जड जातं, ते प्रवाशांना कधी कळत नाही.

खरी गोष्ट पुढे घडली. पाटील गल्लीतल्या भिवराबाईनं औंदा पत्रे काढून नवा स्लॅब टाकलाय. आपल्याकडे प्लेटा बसणार ही बातमी हॉटेलातून तिच्यापर्यंत पोचली. (बातमी कुणी पेरली ते तुम्हाला माहीत आहे.) ती मिरच्या न्यायला आली आणि सहज बोलून गेली, "मावशी, आता समद्या माझ्याकडंच येत्याल की वाळवनाला. लई मोठा स्लॅब हाय माझा." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आई "बरं झालं" म्हणाली, खाली आली आणि भिंतीला टेकून गुडघे दाबत बसली. भिवराबाईचा जिना आतून आहे, देवघराला लागून. बाया तिकडे गेल्या तर आईला कुणी बोलावणार का, बोलावलं तर त्या जिन्यानं वर नेणार का, आणि गेलीच तर तिथे तिला विचारून कोण लुगडं अंथरणार, हे सगळं ती त्या भिंतीला टेकून मोजत होती. मला तिच्याकडे बघवेना, दाजी. आपण हॉटेलात चहावारी एक गोष्ट बोललो आणि म्हातारीच्या पायाखालचा स्लॅब काढून घेतला, असं झालं.

म्हणून मी ठरवलंय: प्लेटा बसवायच्या नाहीत. लोक हसले तर हसोत. आईचं ऊन आईकडेच राहील. तुम्हाला वाईट वाटणार नाही अशी आशा आहे. अक्काला, नव्या सूनबाईला आणि तुमच्या लाईटबिलाला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
संजय

ता.क. – हॉटेलात मी असं सांगणार आहे की प्लेटा बसवल्यापासूनच दाजींचं बीपी वाढलं, आणि दाजींनीच मला हात जोडून नको म्हटलं. कुणाचा फोन आला तर कृपया खोकत बोला.

ता.क. दुसरं – वर लिहिलंय ते अगदी मनापासून आहे. पण खरं सांगायचं तर बंकटला नाही म्हणणं मला जमलेलं नाही. लोखंडी सांगाडा आठवड्यानं येतोय. आता मागे फिरलो तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तेव्हा पत्राचं मूळ कारण असं की अक्कानं आईला गुडघ्याच्या डॉक्टरचं निमित्त काढून पत्र मिळताच बोलावून घ्यावं आणि प्लेटा बसल्याचा माझा निरोप येईपर्यंत सोडू नये. एकदा बसल्यावर ती काय उपटून काढणार आहे? पाकिटाला डिंक नाही, तेवढा घेऊन येतो.

जावईबापू, केशरबाईचा जय भीम. संज्या डिंक आनायला गेलाय, म्हंजी हाटेलात बसला आसंल. चष्मा कालच आला. ह्यानं इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. साक्षरतेच्या वर्गात शिकले ती आक्षरं हायत, संबाळून घ्या.

माझ्या लेकीला म्हनावं डाक्टरचं निमित्त काढू नगं, मी येत न्हाई. वाळवनाचे दिस हायत. लोखंडाचं म्हनाल तर बंकट कालच आलता. त्याला मी भिवराबाईकडं घेऊन गेलते. त्यांच्यात कूलर हाय, फ्रीज हाय, पिठाची गिरनी हाय, बिल लई येतंय. आमच्या दोन बल्बाला आन येका कूलरला कावून पायजेत येवढ्या प्लेटा? तिच्या मालकाला पटलं. बंकट बी खूस. लोखंड आठवड्यानं तिकडंच उतरनार हाय. संज्याला सांगू नका. त्यानंच नको म्हनलं आसं त्याला गावात सांगू द्या.

वर जायला तिच्या घरातनं जावं लागतंय. देवघरापाशी माझा पाय थांबला. भिवराबाई म्हनली, मावशी, थांबल्या कावून, या की. मग हात धरून वर घेऊन गेली. तिच्या सासूनं मला कदी उंबऱ्याच्या आत घेतलं न्हवतं. जिना चढताना लई दुखलं, पन गेले. तिला सांगितलं, औंदा माझ्या स्लॅबवर पयली जागा तुझ्या कुरडयाला. ती खूस झाली.

पाकीट शितानं चिकटवते, पोस्टमनच्या हातात मीच देते. भिवराबाईचा स्लॅब मी समदा फिरून बघितला. ऊन लई झ्याक पडतंय, वाळवनाला आपल्यापरीस बरं. म्हनून तर प्लेटा तिकडं धाडल्या.