दगडू न्हावी गावात नाही

शुक्रवार, ८ जानेवारी १८९७

दगडू न्हावी पळाला! चांगला दिवसाढवळ्या, गाडी जुंपून, बायको-पोरं-बकरी सगळं घेऊन. धुणं धुता धुता रंगूबाईनं सांगितलं. मुंबईचा गाठीचा ताप आता कल्याणच्या पेठेत आलाय म्हणे. "जो तो निंगालाय, बाय. मी पन चालले टिटवाळ्याला भावाकडं." आणि धुणं तसंच टाकून गेलीसुद्धा! पिळलं कोणी? मी. दुसरं आहे कोण? जाऊबाई मुलांना घेऊन मागच्या महिन्यातच माहेरी गेल्या. घरात आम्ही तिघं — सासूबाई, हरिहरभावोजी आणि मी.

सोमवारी आम्हा दोघींची पाळी. पंधरा दिवसांनी मागच्या पडवीत पाटावर डोकं करून घ्यायला बसायचं, आधी सासूबाईंनी, मग मी. आमचे हे गेल्याला सात वर्षं झाली, एक पंधरवडा चुकला नाही. आता काय होणार?

सोमवार, ११ जानेवारी

पाट मांडून सासूबाई दुपारपर्यंत वाट पाहत बसल्या. कोणी आलं नाही.

गुरुवार, २१ जानेवारी

मीठ नाही. भावोजी पोपटशेटच्या दुकानातून रिकाम्या हातानं आले. खरी गंमत पुढेच — मीठ आहे! भावोजी कारकून आहेत त्याच रेल्वेच्या मालधक्क्यावर मालगाडीच्या तीन वाघिणी भरून उभ्या आहेत. उतरवायला हमाल नाही. सगळे आपापल्या गावी. आज म्हणे भावोजी आणि आणखी दोन कारकुनांनी धोतरं खोचून पोती ओढली. त्यातलं मूठभर घरी आणायचं सुचलं नाही! आमटी आळणी. सासूबाई म्हणाल्या, "देवाची इच्छा." मी म्हटलं, देवाला कशाला मध्ये घेता, हमालाची इच्छा. बोलणी बसली.

डोकं खाजतं. हात फिरवला की खरखरीत लागतं. मला भीती वाटते. लोक काय म्हणतील, सासऱ्यांच्या श्राद्धाला काय करायचं.

बुधवार, ३ फेब्रुवारी

दळण मी. पाणी मी. जात्याशी बसून हाताला फोड आले. तेल्याचा घाणा बंद, घासलेटचा डबा मुंबईहून येत नाही, काडेपेटी शेजारून मागून आणली.

आणि सासूबाईंनी आज माझ्या हातचं जेवण सोडलं. "डोक्यावर केस घेऊन चुलीशी बसतेस. देवाला नैवेद्य कसा चालेल?" मी म्हटलं, तुमच्याही डोक्यावर आलेत की. कापूस पिंजल्यासारखे पांढरे, बोटाच्या रुंदीएवढे! तर म्हणतात, "माझं वय झालं, सगुणे. माझ्या केसांनी कोणाचं काही बिघडत नाही." म्हणजे माझ्या केसांनी बिघडतं. आता त्या स्वतः स्वयंपाक करतात. साठी उलटलेली बाई, फुंकणीनं चूल फुंकता फुंकता खोकून बेजार. मी दारात उभी.

रविवार, १४ फेब्रुवारी

भावोजींची दाढी पहा! कचेरीत साहेब हसला म्हणे, "तुम्ही सगळे बैरागी झालात काय?" सगळ्या गावाचे पुरुष तसेच. त्यांना कोणी जेवायला नाही म्हणत नाही.

स्टेशनावर आता डॉक्टर बसतो. प्रत्येक उतारूची काख चाचपून पाहतो. अंग गरम लागलं की उचलून गावाबाहेरच्या झोपड्यांत. शेजारच्या परशुरामपंतांना गेल्या रविवारी नेलं, बुधवारी गेल्याचा निरोप आला. घरातलं सामान बाहेर काढून जाळलं. भावोजी सांगत होते आणि मी तांदूळ निवडत होते. निवडलेल्यात पुन्हा खडे टाकले.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

सासूबाईंचा हात भाजला. तवा उचलताना चक्कर आली. मी धावले. त्यांनी पळी माझ्या हातात दिली. आज नैवेद्य माझ्या हातचा. देव काही बोलला नाही.

शुक्रवार, ५ मार्च

लिहू का? लिहिते. इथे कोण वाचतंय.

घंगाळात वाकले आणि पाण्यात तोंड दिसलं. कपाळावर केस! कानामागे वळलेले, मऊ. सोळाव्या वर्षी गेले ते आज तेविसाव्या वर्षी पाहिले. कितीतरी वेळ हलले नाही. मग कोनाड्यातली खोबरेल तेलाची वाटी घेतली — घरात तेवढंच उरलंय, सासूबाईंच्या भाजलेल्या हातासाठी ठेवलेलं — आणि एक थेंब, एकच, डोक्याला चोळला. चोरी झाली. लाज वाटली. पण वास दिवसभर येत राहिला आणि मला छान वाटलं!

दगडू येऊ नये. हेच मनात आहे. गावावर एवढी आपत्ती, लोक मरताहेत, आणि मी देवाकडे मागते काय तर न्हावी येऊ नये!

गुरुवार, ११ मार्च

भावोजी हसत घरी आले. गुळगुळीत! "वहिनी, दगडू सापडला. शहाडला नदीपलीकडे रानात झोपडी बांधून राहिलाय. रविवारी येतो म्हणाला. आधी आपल्याकडेच."

मी बोटं मोजली. तीन दिवस.

शनिवार, १३ मार्च

झोप नाही, जेवण नाही. नाही म्हणेन. असं सकाळपासून शंभरदा ठरवलं. पण कोणाला म्हणू? भावोजी म्हणतील, वहिनी, आमची अब्रू. सासूबाई काहीच म्हणणार नाहीत, पाट मांडतील. या घराबाहेर मला जागा नाही. बाबा असते तर त्यांच्याकडे गेले असते.

आज सासूबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पदर सरकला होता. मी घाईनं ओढून घेतला.

रविवार, १४ मार्च

अजून विश्वास बसत नाही! दगडू आला. मी माजघरात भिंतीला पाठ लावून उभी. त्याचा आवाज ऐकला, "आलो, काकू. पाट मांडा." आणि सासूबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या! म्हणाल्या, "घरात ताप आहे. पाऊल टाकू नकोस. जा." एवढंच. दगडू हत्यारांची पिशवी उराशी धरून जो पळाला!

सासूबाई, ज्या दुधात पाणी नाही म्हणून गवळ्याला देवासमोर शपथ घ्यायला लावतात, त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या! मी माजघरात रडले. मग त्यांच्याजवळ गेले. त्यांनी हातानं खूण केली, लांब राहा. मला वाटलं, लाजल्या. अख्खा दिवस पाय जमिनीवर नव्हते. भाकरीत मीठ जास्त पडलं, आता धक्क्यावरचं मिळतं ना!

सोमवार, १५ मार्च

सकाळी त्या उठल्या नाहीत. पांघरूण सारखं करायला गेले तर हात चटकला. काखेत गाठ.

दारावर तपासणीवाले आले. दगडूनंच सांगितलं असणार. भावोजी कचेरीत. एकानं विचारलं, "घरात कोणाला ताप?" मी माजघराचं दार ओढून घेतलं, पदर मागे टाकला, उघड्या डोक्यानं त्यांच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "मला होता. म्हणूनच न्हाव्याला परत पाठवलं. उतरला. पाहा."