लोणच्याच्या बाटलीचं झाकण

कोपरी, रविवार

गच्चीवरची बाबांची मधपेटी आज मुरबाडचा माणूस घेऊन गेला. पावसाची उघडीप बघून दुपारीच नेली. बाबांच्या मागे माश्यांकडे बघणार कोण? पटतंय, तरी चिडचिड होतेय.

पावसाळ्यात फुलं नसायची, तेव्हा बाबा लोणच्याच्या बाटलीत साखरपाणी भरायचे, झाकणाला बारीक भोकं पाडून ती पेटीत उलटी ठेवायचे. बशीत माश्या बुडायच्या, म्हणून ही युक्ती. आई ओरडायची, "संपवा माझी साखर!"

"ताई, आता हे रेडिमेड मिळतं," पेटीतली बाटली बघून तो माणूस म्हणाला. झाकण मी काढून घेतलं. का, कुणास ठाऊक.

संध्याकाळी बघते तर आई साखरपाणी ढवळतेय.

"अगं, पेटी गेली ना?"

"बाहेर गेलेल्या माश्या आता घरी येतील, त्यांचं काय? आण ते झाकण."